गाडीचा क्लास लावलायस ना, मग हे ऐक

पहिला आठवडाभर गाडी खरं म्हणजे सरच चालवतात. शेजारच्या सीटवर त्यांच्या पायाशी वेगळे क्लच-ब्रेक असतात, म्हणून गाडी बंद पडत नाही आणि आपल्याला वाटतं, जमलं! स्टिअरिंग सरळ राहायला लागलं की त्यांना स्पष्ट सांग, "सर, आता क्लच मी सांभाळते." इंजिन दहादा बंद पडू दे, मागचे हॉर्न वाजवू देत.

सगळी गोम हाफ क्लचमध्ये आहे. मोकळ्या मैदानात ॲक्सिलरेटरला पायच न लावता, नुसता क्लच सावकाश सोडून गाडी पुढे काढायची. इंजिनाचा आवाज जड होतो, बॉनेट किंचित थरथरतं, तिथे पाय थांबव, तोच हाफ क्लच. हे पायाला कळलं की मगच चढावर जा. आपल्या बेळगावातल्या कपिलेश्वरच्या ओव्हरब्रिजवर गर्दीत थांबून पुन्हा निघताना हँडब्रेक लाव, हाफ क्लच धर, मग हँडब्रेक सोड. टिळकवाडीचं रेल्वे गेट पडून उघडलं की दुचाकीवाले दोन्ही बाजूंनी घुसतात. तिथे पहिला गिअर आणि शांत डोकं.

रिव्हर्स बहुतेक क्लासवाले शेवटी उरकतात. तो सरांकडे मागून शिकून घे.

लर्नर लायसन्स सहा महिने चालतं, पक्क्याची टेस्ट तीस दिवसांनंतर. पण तिसाव्या दिवशीच आरटीओत पळायची गरज नाही. खडेबाजारची गर्दी इतक्यात नको, आणि उसाच्या हंगामात रात्री चिकोडी-निपाणीकडे तर नकोच. दोन-दोन ट्रेलर ओढणारे ट्रॅक्टर, मागे दिवा असेलच असं नाही.