हिटलर जरा जपून काढ

भावा, कोल्हापुरात रंकाळ्यावरच्या पार्किंगच्या जादा पैशांवरून चाललेल्या ऑनलाइन वादात काल तू पावती फाडणाऱ्याला थेट हिटलर म्हणालास. मुद्दा तुझा बरोबर होता, पण पार्किंग राहिलं बाजूला आणि सगळे हिटलरवरच तुटून पडले. माईक गॉडविन या अमेरिकन वकिलानं १९९० मध्येच म्हटलेलं, ऑनलाइन वाद लांबला की कुणीतरी नाझींवर येणारच. (आपल्याकडं औरंगजेबही लाइनीत असतोय.)

आणि हिटलर आपल्याला लांबचा नाही. १९३९ मध्ये त्यानं आणि स्टालिननं पोलंड वाटून घेतला. देशोधडीला लागलेले सुमारे ५ हजार पोलिश लोक १९४३ पासून इथं कोल्हापूरजवळ वळिवड्याच्या छावणीत राहिले, बहुतेक बायका-पोरं. पावती फाडणाऱ्याला त्या रांगेत कशाला बसवतोस? बोर्डावर दर किती, घेतले किती, एवढं लिही. पावतीचा फोटो टाक.