अमळनेरहून बेळगावला सैनिकी प्रशिक्षणासाठी जाणाऱ्या मुलाचा दिवस कसा असतो?
बेळगावच्या मराठा लाइट इन्फंट्री केंद्रात आपल्या मुलाचा दिवस पहाटे अंधारातच सुरू होईल आणि रात्रीच्या हजेरीपर्यंत जवळजवळ सलग चालेल. मी स्वतः तेथेच प्रशिक्षण घेतले असल्याने सांगतो की दाढी, बिछान्याची घडी आणि बुटांचे पॉलिश आटोपून पीटीसाठी मैदानात उभे राहावे लागते, त्यानंतर न्याहारी, ड्रिल, शस्त्रांचे वर्ग आणि सायंकाळी खेळ असतात. माझ्या मते धावण्यापेक्षा घाई अधिक थकवते, कारण प्रत्येक कामाला मोजकीच मिनिटे मिळतात. खानदेशच्या कोरड्या उन्हात सराव केलेल्या मुलांना तेथील जुलैचा संततधार पाऊस अधिक जड जातो, त्यामुळे मोजे व पाय कोरडे ठेवण्याची सवय त्याला आतापासूनच लावावी. नेमक्या वेळा मात्र ऋतूनुसार आणि प्रशिक्षणाच्या टप्प्यानुसार बदलतात.