'क्रिओलो' गाय : देशी की गावरान?

प्रश्न असा आहे : स्पॅनिश लोकांनी अमेरिकेत नेलेल्या गुरांपासून तयार झालेल्या वाणांना 'क्रिओलो' म्हणतात. मराठी लेखात त्यांना 'देशी गाई' म्हणावं का?

माझ्या मते म्हणू नये. 'गावरान' म्हणावं.

'देशी' म्हटलं की मूळची तिथलीच, असं वाटतं. पण कोलंबसाने १४९३च्या दुसऱ्या सफरीत गुरं नेली, त्याआधी तिकडे पाळीव गाय नव्हतीच. ती गुरं आधी कॅरिबियन बेटांवर उतरली आणि तिथून मेक्सिकोत गेली. मोकाट सुटली, काटेरी झुडपांत चरली, दुष्काळ सोसून टिकली. टेक्सासची लाँगहॉर्न याच वंशातली : उंच पाय, अंगावर मांस बेताचं, रंग म्हणाल तो, आणि शिंगं कधीकधी टोकापासून टोकापर्यंत दोन मीटरच्याही वर.

आता शब्द पाहा. पोर्तुगीजमध्ये 'क्रिआर' म्हणजे पोसणं, वाढवणं. त्यावरून आधी 'क्रिओलु' आणि मग स्पॅनिश 'क्रिओलो' (उच्चार बहुतेक ठिकाणी 'क्रिओयो'). आईबाप समुद्रापलीकडचे, पण जन्म आणि वाढ इथली, अशा माणसाला हा शब्द लागे, तसाच जनावरालाही. म्हणजे शब्दाचा सगळा भर वाढण्यावर आहे.

आपला 'गावरान' नेमका हेच करतो. मिरची पोर्तुगीजांबरोबर अमेरिकेतून आली, तरी आपण 'गावरान मिरची' बेधडक म्हणतो आणि त्यात काही चुकत नाही. परड्यात पिढ्यान्‌पिढ्या बी धरलेली ती गावरान. मेक्सिकोत तर मूळच्या तिथल्याच मक्यालाही 'क्रिओलो' म्हणतात. म्हणजे तिकडेही हा शब्द फिरत फिरत आपल्या 'गावरान'पाशीच आला. मला हे फार सुंदर वाटतं.

'संकरित' मात्र अजिबात लिहू नका. हा गैरसमज 'क्रिओल' भाषांमुळे, म्हणजे वेगवेगळ्या भाषा मिसळून तयार झालेल्या बोलींमुळे होतो. रायगड जिल्ह्यातल्या कोर्लईची पोर्तुगीज वळणाची बोली तशीच एक. भाषेच्या बाबतीत मिसळण हा अर्थ पुढे चिकटला. गुरांच्या बाबतीत तो नाही. मिश्र वंशाच्या माणसाला स्पॅनिशमध्ये 'मेस्तिसो' हा वेगळाच शब्द होता.

तेव्हा लेखात पहिल्यांदा 'क्रिओलो, म्हणजे तिकडची गावरान गुरं' असं लिहा, पुढे नुसतं 'क्रिओलो' चालेल. आणि 'जात' लिहिण्यापेक्षा 'वाण' बरं.