प्रोसोडीवर (चॅट-सर्व्हरचा प्रोग्राम) तो चालतो त्या सर्व्हरवरून लॉगिन होतं, घरातल्या दुसऱ्या लिनक्स मशीनवरून होत नाही. काय तपासावं?

सर्व्हरवरच (डेबियन लिनक्स) बसून गाजिम या चॅट-अ‍ॅपमधून लॉगिन होतंय आणि दुसऱ्या मशीनवरून सर्व्हरच्या ‘चावडी’ या नावाने पिंगही (मशीन उत्तर देतंय का, याची चाचणी) लागतोय, असं तुम्ही लिहिलंय. म्हणजे प्रोसोडी चालू आहे, घोळ वाटेत कुठेतरी आहे.

आधी तो पिंगच नीट बघा. उत्तर 0.05 मिलिसेकंदाच्या आसपास येत असेल तर ते मशीन स्वतःलाच पिंग करतंय; वाय-फायवरून इतक्या लवकर उत्तर येत नाही. डेबियन इन्स्टॉल होताना होस्ट्स फाइलमध्ये (नावं आणि पत्त्यांची यादी) मशीनचं नाव 127.0.1.1 ला जोडून ठेवतं; 127 ने सुरू होणारा पत्ता म्हणजे मशीन स्वतः. ती ओळ तशीच दुसऱ्या मशीनवर उचलून टाकली की तिथे ‘चावडी’ म्हणजे ते मशीन स्वतःच. खात्रीसाठी दुसऱ्या मशीनवर ‘गेटएंट होस्ट्स चावडी’ (getent hosts) ही कमांड चालवा, ती नावाचा पत्ता दाखवते. यासाठी डिग (dig) ही कमांड वापरू नका, ते थेट डीएनएसला (नावांचे पत्ते सांगणारी नेटवर्कवरची सेवा) विचारतं, होस्ट्स फाइल बघतच नाही. पत्ता 127 ने सुरू झाला तर होस्ट्स फाइलमध्ये त्या जागी सर्व्हरचा लॅनवरचा (घरच्या नेटवर्कवरचा) पत्ता लिहा आणि राउटरमध्ये तो पत्ता सर्व्हरसाठी राखून ठेवा. नाहीतर पत्ता बदलला की पुन्हा हेच.

पत्ता बरोबर निघाला तर नेटकॅट (nc) या कमांडने सर्व्हरचं 5222 पोर्ट तपासा, चॅट-अ‍ॅप त्यावरूनच जोडलं जातं. ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ झटकन आलं तर बहुधा त्या पत्त्यावर कोणी ऐकत नाहीये. सर्व्हरवर ‘एसएस’ (ss) कमांडने ऐकणारे पोर्ट बघा. 5222 च्या आधी फक्त 127.0.0.1 दिसलं तर प्रोसोडीच्या कॉन्फिगमधली (सेटिंगची फाइल) ‘इंटरफेसेस’ची (interfaces) ओळ काढून रीस्टार्ट करा. बराच वेळ थांबून ‘टाइम्ड आउट’ आलं तर फायरवॉल पॅकेट गिळतंय. सर्व्हरवरच्या यूएफडब्ल्यू (ufw) या फायरवॉलमध्ये 5222 टीसीपी उघडा. 5269 उघडायची गरज नाही, ते सर्व्हर-सर्व्हरमधल्या बोलण्यासाठी असतं.

पोर्ट लागतंय तरी लॉगिन अडतंय? मग चॅटचा आयडी (नाव@सर्व्हर) बघा. @ नंतरचं नाव कॉन्फिगमधल्या ‘व्हर्च्युअलहोस्ट’ (VirtualHost) या ओळीतल्या नावाशी तंतोतंत जुळायला हवं. @ नंतर आयपी पत्ता टाकला तर प्रोसोडी ‘होस्ट अननोन’ म्हणून परत पाठवतं. आयपी द्यायचाच असेल तर गाजिममध्ये खात्याच्या सेटिंगमध्ये सर्व्हरसाठी वेगळा रकाना असतो, तिथे द्या.

सर्टिफिकेटची तक्रार आली तर एन्क्रिप्शन बंद करू नका, पासवर्ड उघडा पडण्याची वाट होते. सर्व्हरवर ‘प्रोसोडीसीटीएल चेक सर्ट्स’ (prosodyctl check certs) चालवा आणि दोन्ही मशीनची घड्याळं जुळवा. घड्याळ मागे असेल तर नवं सर्टिफिकेटही ‘अजून वैध नाही’ म्हणून नाकारलं जातं.