रेणू आपोआप जुळतात, तर शास्त्रज्ञ करतात काय?

तुमचा प्रश्न असा आहे की नॅनोशीटमधले (म्हणजे जेमतेम एक-दोन रेणू जाडीच्या पातळ चादरीतले) रेणू आपले आपणच जुळतात, मग त्यावर नियंत्रण ठेवतात म्हणजे नेमकं काय करतात?

मी भंडारा जिल्ह्यातल्या एका गावात अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवतो. त्याआधी काही वर्षं नागपुरात पाण्यावरच्या तेलकट थरांवर काम केलं. म्हणून परातीपासूनच सुरू करतो.

परातीत पाणी घ्या, वर चिमूटभर हळद भुरभुरा आणि मधोमध जवसाच्या तेलात बुडवलेली काडी टेकवा. हळद सर्रकन काठाला जाते. मागे वर्गात एक पोरगा ओरडला होता, "सर, हळद तं पळून गेली!" पळत नाही, तेल तिला ढकलतं. तेलाच्या रेणूचा एक भाग पाण्याला धरून राहतो आणि लांब शेपट्या पाण्याला टाळतात. त्यामुळे जागा मिळेल तिथवर ते पसरतात. बेंजामिन फ्रँकलिननं लंडनजवळच्या क्लॅपहॅमच्या तळ्यात चमचाभर तेल ओतलं, तर अर्धा एकर पाणी शांत झालं. हे 1774 साली छापून आलं. आता 5 मिलीलिटर तेलाला 2000 चौरस मीटरनं भागा. जाडी येते अडीच नॅनोमीटर (एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग)! वीस गुंठ्यांची चादर, आणि विणली कोणीच नाही. फ्रँकलिननं हा भागाकार केलाच नाही, याची मला अजून हळहळ वाटते.

पण ही चादर उचलता येत नाही. नियंत्रणाचं काम इथून सुरू होतं आणि ते दोन जागी असतं.

एक, रेणूच्या घडणीत. साबणासारखी एकच शेपटी असली की रेणू पाण्यात गोळा होऊन गोल पुंजके करतात. दोन शेपट्या असल्या की अंगानं सरळसोट होतात आणि सपाट पदर धरतात. म्हणजे हुकूम आधीच रेणूत लिहिलेला असतो.

दुसरी जागा म्हणजे ढकलणं, आणि मला ती जास्त आवडते. अमेरिकेतल्या बर्कली लॅबमध्ये रोनाल्ड झुकरमन यांच्या गटानं पेप्टॉइड नावाच्या, प्रथिनांसारख्या पण कृत्रिम साखळ्या बनवल्या. त्यांत पाणी आवडणारे आणि न आवडणारे तुकडे एकाआड एक ओवलेले. अशी साखळी पाण्याच्या पृष्ठभागावर आडवी पडते, तेलकट बाजू हवेकडे. बाटली आडवी केली की पृष्ठभाग मोठा होतो आणि आणखी साखळ्या वर येऊन बसतात. उभी केली की तोच पृष्ठभाग आक्रसतो, गर्दी होते. दुधावरची साय चमच्यानं एका कडेला लोटली की तिला कशा घड्या पडतात, तसा हा थर दुमडतो आणि तेलकट बाजू आत घेऊन दुपदरी होतो. (साय त्यापेक्षा हजारो पट जाड असते, उपमा घडीपुरतीच घ्या.) सुमारे 3 नॅनोमीटर जाडीची ही शीट मग पाण्यात सुटी तरंगते. नुसतं ढवळून ती नीट होत नाही, कारण पृष्ठभाग दाबला जात नाही. बाटली किती वेळा आणि किती सावकाश कलती करायची, ही त्यांची चावी. क्षार, तापमान, आम्लता हेही खेळवतात, पण ते नंतरचं.

पृष्ठभाग दाबण्याची युक्ती तशी जुनीच. जर्मनीत आग्नेस पॉकेल्स या बाईनं घरच्या स्वयंपाकघरात पत्र्याच्या पन्हळीत पट्टी सरकवून ती केली. त्यांचं पत्र इंग्रज भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांच्यामार्फत 1891 मध्ये 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात छापलं गेलं. कॉलेजात शिकायची सोय त्यांना नव्हती.

घरी करून पाहणार असाल तर परात साबणानं धुऊ नका, राखेनं घासा आणि भरपूर पाण्यानं खळबळा. पाण्यात बोट घालू नका. नागपुरात माझं दोन दिवसांचं मोजमाप एका बोटाच्या तेलकटपणानं वाया गेलं होतं, आणि ते बोट माझंच होतं.