तिच्याकडे जमतं, माझ्याकडे का बिघडतं?

मैत्रिणीकडून घेतलेल्या कृतींबद्दलच या वेळी सगळ्यात जास्त विचारणा आली. त्यातले पाच प्रश्न निवडले आहेत.

प्रश्न : मैत्रिणीने चकलीची भाजणी आणि कृती दोन्ही दिली. ‘एक वाटी पिठाला एक वाटी पाणी, चमचाभर मोहन.’ पहिल्या वेळी चकल्या संध्याकाळपर्यंत मऊ पडल्या. म्हणून पुढच्या वेळी मोहन दुप्पट घातलं, तर चकल्या तेलातच विरघळल्या. भाजणी तीच होती. (नाशिक)

उत्तर : भाजणीचा दोष नाही. पहिली चूक तळणीची होती, तुम्ही ती मोहनाने दुरुस्त करायला गेलात.

मऊ पडलेली चकली बहुतेक वेळा आत ओली राहिलेली असते. आच मोठी असली की बाहेरून दोन मिनिटांत रंग येतो, आपण झारा घालून काढून घेतो आणि आतला ओलावा हळूहळू बाहेरचा कुरकुरीतपणा घालवतो. तेल तापलं का हे पाहायला पिठाची छोटी गोळी टाका. ती तळाशी न बसता बुडबुड्यांसकट वर यायला हवी, पण टाकल्याबरोबर लाल होता कामा नये. चकल्या सोडल्यावर अर्धा मिनिट त्यांना हात लावू नका. मग आच मध्यमच्या थोडी खाली आणा. एका घाण्याला पाच-सहा मिनिटं लागतात. रंगाकडे कमी आणि बुडबुड्यांकडे जास्त लक्ष ठेवा: सुरुवातीला तेल फसफसतं, मग बुडबुडे विरळ होतात, शेवटी जवळजवळ थांबतात. ते थांबले म्हणजे ओलावा संपला, तेव्हा काढा. डब्यात मात्र पूर्ण गार झाल्यावरच भरा. कोमट चकली झाकली की स्वतःच्याच वाफेने मऊ पडते.

आता मोहन. एक वाटी भाजणीला (वाटी 240 मिलीची, पीठ न दाबता सपाट भरलेलं) एक मोठा चमचा, म्हणजे 15 मिली तेल पुरतं. एक वाटी पाण्यात हे तेल, मीठ, तिखट, हिंग, ओवा आणि तीळ घालून उकळी आणा, गॅस बंद करा, भाजणी घालून ढवळा आणि कोमट होईपर्यंत झाकून ठेवा. मग पाण्याचा हात लावत चांगलं मळा. मोहन जास्त झालं की पिठाचे कण एकमेकांना धरत नाहीत आणि चकली कढईत सुटते. कमी पडलं की चकली दातांना कडक लागते. आणि पीठ घट्ट राहिलं तर सोऱ्यातून पडतानाच चकली तुटते.

पहिली चकली एकटीच तळा, गार करा आणि मोडून पाहा. आत नळी पडलेली दिसली तर पीठ जमलं. विरघळत असेल तर मूठभर कोरडी भाजणी, तेल न घालता, गरम पाण्यात भिजवून त्या पिठात मळून घ्या. कडक असेल तर चमचाभर कडकडीत तेल घालून पुन्हा मळा. अख्खा घाणा वाया घालवण्यापेक्षा एका चकलीवर शिकावं.

मैत्रिणीला एक मात्र विचारा: तिची वाटी केवढी आणि ती पीठ दाबून भरते की मोकळं? एवढ्यानेही वाटीमागे वीस-पंचवीस ग्रॅमचा फरक पडतो. पाणी आणि मोहन दोन्ही त्यावर ठरतं.

प्रश्न : मालवणच्या मैत्रिणीने सोलकढीला ‘चार चमचे आगळ’ सांगितलं. बाजारातून कोकमाची बाटली आणली, पण कढी गोड झाली आणि मीठ घालून घालूनही सुधारली नाही. (पुणे)

उत्तर : तुम्ही कोकम सरबताचा पाक आणलात. आगळ म्हणजे कोकमाचा मीठ घातलेला आंबट रस, त्यात साखर नसते. सरबतासाठीच्या पाकात, म्हणजे अमृत कोकममध्ये, साखर भरपूर असते. दोन्ही बाटल्या दुकानात शेजारी शेजारी असतात आणि रंगही सारखाच. त्यामुळे मागची घटकांची यादी वाचा. त्यात साखर दिसली तर ती बाटली सरबतासाठी.

आगळात मीठ असतंच, तेव्हा कढीत वरून मीठ अगदी शेवटी, चव घेऊन घाला. एका मध्यम नारळाचं साधारण तीन वाट्या दूध निघतं (दोनदा वाटून, कोमट पाणी घेऊन). त्याला लसणाच्या दोन-तीन पाकळ्या आणि एक मिरची वाटून लावा. आगळ आधी दोन मोठे चमचे घाला आणि मग वाढवा, कारण प्रत्येक घरचं आगळ सारखं आंबट नसतं. आगळ नसेल तर 12 ते 15 आमसुलं वाटीभर कोमट पाण्यात अर्धा तास भिजवून कुस्करा. रंग थोडा फिका येईल. येऊ द्या, बीट घालून गुलाबी केलेली कढी जिभेला लगेच कळते.

गरम मात्र करू नका, आंबट घातलेलं नारळाचं दूध तापवलं की फुटतं. फ्रिजमध्ये वर पांढरा थर जमला तर ती नारळाची चरबी आहे. ढवळलं की मिसळतो.

प्रश्न : कोल्हापूरच्या मैत्रिणीचा अख्खा मसूर घरी केला. तिने ‘दोन चमचे मसाला’ लिहिलं होतं, मी घरचा गोडा मसाला घातला. चव कडवट-उग्र आली. (ठाणे)

उत्तर : तिच्या घरी ‘मसाला’ म्हणजे कांदा-लसूण मसाला, त्यात मुख्य जिन्नस सुकी मिरची. गोडा मसाला दगडफूल, नागकेशर, लवंग अशा वासाच्या जिनसांचा. तो वाटीभर डाळीच्या आमटीला एक छोटा चमचा पुरतो आणि सोबत चिंच-गूळ लागतो. दोन मोठे चमचे घातल्यावर कडू होणारच.

कांदा-लसूण मसाला मिळत नसेल तर वाटीभर मसुराला एक कांदा आणि दोन चमचे सुकं खोबरं खरपूस भाजून, सहा-सात लसूण पाकळ्या आणि छोटा चमचाभर धणे घालून वाटा, आणि दीड छोटा चमचा लाल तिखट वेगळं परता. तयार मसाल्यात बहुधा मीठ असतं, तेव्हा तो वापरताना मीठ बेतानं. मसूर आधी भिजवून शिजवा, पण दाणा अख्खा राहू द्या. गाळ झाला तर ती मसुराची आमटी झाली.

प्रश्न : परदेशातल्या मैत्रिणीला माझं पुरण शिकायचं आहे. मी सगळं अंदाजाने करते आणि तिच्याकडे विजेचा कुकर आहे, ज्याला शिट्टीच नाही. कृती लिहू कशी? (सांगली)

उत्तर : शिट्ट्या मोजून दिलेली कृती शेजारच्या घरातही चालेल याची खात्री नसते. एका कुकरची शिट्टी दोन मिनिटांनी होते, दुसऱ्याची चारने. म्हणून मिनिटं लिहा आणि त्याहून महत्त्वाचं, शिजलेली डाळ कशी लागते ते लिहा.

अंदाज मोजायची सोपी युक्ती आहे. पुढच्या खेपेला सुरुवातीला गुळाचा डबा वजनकाट्यावर ठेवून आकडा टिपा. मग नेहमीसारखा, न मोजता, हाताने गूळ घ्या आणि डबा पुन्हा तोला. जो फरक येईल तो तुमचा अंदाज. तेलाच्या बरणीलाही हेच करा.

कृतीचा सांगाडा असा लिहिता येईल. हरभरा डाळ 200 ग्रॅम, दोन तास भिजवलेली. पाणी तीन वाट्या, चिमूटभर हळद, छोटा चमचा तेल. विजेच्या कुकरमध्ये जास्त दाबावर 15 मिनिटं, मग दाब आपोआप उतरू द्यायचा. डाळ दोन बोटांत विनासायास चिरडली पाहिजे. कणी राहिली तर आणखी पाच मिनिटं द्या, पण गूळ घालण्याआधीच. गूळ पडल्यावर डाळ पुढे शिजत नाही, हे तिला ठळक अक्षरांत लिहा. डाळ चाळणीत दहा मिनिटं निथळू द्या (खालचा कट आमटीला). मग 200 ग्रॅम चिरलेला गूळ घालून जाड बुडाच्या भांड्यात मध्यम आचेवर 12 ते 15 मिनिटं आटवा. उलथनं मधोमध उभं राहिलं की झालं. गरम असतानाच पुरणयंत्रातून काढा, गार झाल्यावर हात भरून येतात. वेलची-जायफळ शेवटी.

पुरण सैल वाटलं तरी थांबा, गार होताना आवळतं. तरीही सैलच राहिलं तर पुन्हा आटवा, बेसन मिसळू नका. कोरडं झालं तर दुधाचा हबका. पारीची कणीक मात्र पुरणाइतकीच मऊ भिजवायला सांगा. एक घट्ट आणि एक सैल असलं की लाटताना पुरण कडेने बाहेर येतं. पोळी फाटण्याचं नेहमीचं कारण तेच.

प्रश्न : पुरणपोळ्या मैत्रिणीला कुरिअरने पाठवता येतील का? (नागपूर)

उत्तर : उन्हाळ्यात नको. बाहेर दीड-दोन दिवसच टिकतात आणि पुरण आंबतं. त्याऐवजी गूळपोळी पाठवा. पाण्याचा अंश कमी, म्हणून नीट भाजलेली आठवडाभर राहते. पूर्ण गार करून, प्रत्येक दोन पोळ्यांमध्ये कागद घालून, घट्ट झाकणाच्या चपट्या डब्यात भरा. डब्यात रिकामी जागा उरली तर चुरगळलेला कागद कोंबा, नाहीतर पोहोचेपर्यंत चुरा होईल.