मोबाईल कपाटात, प्रश्न फळ्यावर

प्रिय मित्रा,
अनेक आशीर्वाद.

बेळगावजवळच्या खानापूरच्या सातवीला डिजिटल कथेसाठी, म्हणजे मुलांचं निवेदन आणि चित्रं जोडून केलेल्या छोट्या चित्रफितीसाठी, 'मलप्रभा' नदी दिलीस, निवड चांगली आहे. पण कथेला नुसता विषय पुरत नाही, प्रश्न लागतो. ही नदी कणकुंबीला उगम पावते. तिथून पश्चिमेचा घाट उतरला की समुद्र जवळ. तरी ती पूर्वेला वळते आणि थेट कूडलसंगमाला कृष्णेत मिळते. का? हा 'का' फळ्यावर लिही. सह्याद्रीचा जलविभाजक (पावसाचं पाणी दोन दिशांना वाटणारी डोंगररेघ), पठाराचा पूर्वेकडे उतार, हे उत्तर मुलांना नकाशावर शोधू दे. तू आधी सांगितलंस की कथा संपली.

चार-पाच जणांचा गट, दोन मिनिटांची कथा. पहिले दोन तास मोबाईल कपाटातच राहू दे. दोन मिनिटांना १८० शब्द पुष्कळ झाले. मुलं तीनशे लिहितात आणि मग वाचताना पळत सुटतात. घड्याळ लावून मोठ्यानं वाचायला लाव, जास्तीचं त्यांनाच खोडू दे. कुणाची आजी नदीला 'होळे' म्हणत असेल तर तो कन्नड शब्द मात्र खोडू नको. आपल्याकडची नदी दोन्ही भाषांत वाहते, ते कथेत ऐकू यायला हवं.

आवाज आधी, चित्रं नंतर. उलट केलं की निवेदन चित्रांमागं फरफटतं. फोन तोंडापासून वीतभर, जरा बाजूला धरायचा. अगदी समोर धरला तर 'फ', 'भ'ला फुंकर बसते. एअरप्लेन मोड लाव. रिकाम्या वर्गात आवाज घुमतो, म्हणून तांदळाची पोती ठेवलेली खोली बरी. पत्र्यावर पाऊस वाजत असेल तर त्या दिवशी रेकॉर्डिंग नकोच. परिच्छेदागणिक वेगळी फाईल कर, म्हणजे चुकलं तर तेवढंच पुन्हा.

चित्रं दहा-बारा, मुलांनी काढलेली. नेटवरची उचलू देऊ नको. ती दुसऱ्याच्या मालकीची असतात आणि नदीही भलतीच असते. खिडकीच्या उजेडात, फ्लॅश बंद, फोन आडवा धरून फोटो घ्या. शीर्षकही कागदावरच लिहा, काही ॲपमध्ये जोडाक्षरं फुटतात.

गुण निम्मे संहितेला दे, इफेक्ट्सना शून्य. कथा दाखवून झाली की प्रत्येकाला कोरा नकाशा दे आणि जलविभाजकाची रेघ ओढायला सांग. ज्यानं फक्त चित्रं रंगवली, त्यालासुद्धा.

कळावे.